काळा घोडा: काहीही विकत न घेता किती वेळ रेंगाळता येतं?

रिकामटेकडी

मागे ह्याच संस्थळावर कुणीतरी विचारलं होतं की मुंबईत एक दिवस मोकळा हाताशी आहे, चौपाटी-सिद्धिविनायक-मॉल सगळं करून झालंय, तर आता जावं कुठे. तेव्हा मी ‘काळा घोडा’ एवढंच टंकून सटकले होते. आता भुयारी मेट्रो थेट हुतात्मा चौकात आणून सोडते, म्हणजे उपनगरवाल्यांची शेवटची सबबही गेली. तेव्हा सविस्तर लिहिते.

हुतात्मा चौकाकडून रीगल सिनेमाच्या दिशेने महात्मा गांधी रोडने चालत निघा. उजवीकडे एस्प्लनेड मॅन्शन, आर्मी-नेव्ही बिल्डिंग, ससून लायब्ररी आणि एल्फिन्स्टन कॉलेज. डावीकडे के. दुभाष मार्ग फुटतो, म्हणजे जुना रॅम्पार्ट रो; किल्ल्याची तटबंदी १८६०च्या दशकात पाडली, नावात तेवढी ती बरीच वर्षं उरली होती. पुढे जहांगीर आर्ट गॅलरी, मग म्युझियम (छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय). हे दोन रस्ते आणि त्यांच्या मागच्या चार गल्ल्या, एवढाच मामला. भराभर चाललात तर अर्ध्या तासात संपेल, पण भराभर चालणाऱ्यांसाठी हा धागा नाही.

ज्याच्यावरून नाव पडलं तो पुतळा सातव्या एडवर्डचा. युवराज असताना तो १८७५-७६ मध्ये इकडे येऊन गेला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससूनने दिला आणि १८७९ मध्ये बसला. १९६५ मध्ये तो उचलून राणीच्या बागेत नेला. घोडा गेला तरी लोक काळा घोडाच म्हणत राहिले. २०१७ मध्ये नवा घोडा आणला, तो स्वाराविना. मला हाच जास्त आवडतो. पाठीवर कुणी नसलं की घोड्याचं रूप खुलतं.

माझा क्रम साधारण असा असतो. आधी जहांगीर, कारण तिथे तिकीट नाही. आत एसी, भिंतींवर चित्रं आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला स्वतः चित्रकार. त्याच्यापुढे अभिप्रायाची वही. पुष्कळजण त्यात ‘सुंदर!’ लिहून पळतात. तसं करू नका, दोन मिनिटं बोला. आठवडाभर तो माणूस लोकांच्या पाठी बघत बसलेला असतो.

मग गल्ल्या. डॉ. व्ही. बी. गांधी मार्गावर ‘आर्टिझन्स’ नावाची जागा आहे, तिथे विणकर-कारागिरांची प्रदर्शनं लागतात. गेल्या खेपेला कच्छचे अजरखवाले, म्हणजे लाकडी ठशांनी कापड छापणारे, आले होते. त्यांच्यातल्या एकाने ठसा माझ्या हातात दिला: सागवानी, तळहाताएवढा, आणि पाठीमागून आरपार बारीक भोकं पाडलेली. म्हटलं ही कशाला? म्हणाला, ठोकल्यावर आतली हवा निघून जायला, नाहीतर रंग सारखा उतरत नाही. मग चुना आणि डिंकाचं मिश्रण कुठे लावायचं, तिथे नीळ कशी चढत नाही, कापड किती वेळा धुवावं लागतं, हे सगळं सांगत बसला. ओढणी घेतली नाही, तरी त्याचा उत्साह तसूभर कमी झाला नाही. ह्या भागात मला जे मिळतं ते हे.

बाकी दुकानं छोटी-छोटी आहेत. हातमागाचे कपडे, मातीची भांडी, दागिने, कागदाच्या वस्तू. किमती बघून डोळे पांढरे होतात, पण बघायला कोण पैसे मागतंय? त्याच रस्त्यावर केनेसेथ एलियाहू हे १८८४ चं सिनेगॉग आहे. पूर्वी आकाशी रंगाचं होतं, २०१९ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा रंग बदलला. ओळखपत्र लागतं. आतल्या रंगीत काचा दुपारच्या उन्हात बघा.

कॉफीबद्दल लिहीत नाही. पाटीवर बियांचं मूळ गाव, उंची आणि चव लिहिलेली असते, त्याखाली किंमत. ज्याची त्याची श्रद्धा. एका कॅफेत मात्र टेबलावर छापील चिठ्ठी होती, ‘कृपया दीड तासात टेबल मोकळं करावं’. मी पुस्तक काढलं होतं, ते परत पिशवीत टाकलं.

तर प्रश्न असा: इथे पूर्वी लोक नुसते बसून असायचे म्हणतात, ते कुठे? आणि आता बसायचं तर कुठे?

अनुस्वार

वाखुसा (वाचनखूण साठवली). फोटो कुठेत?

गिरगावचा_जुना

रिकामटेकडीताई, कुठे बसायचे ते मी सांगतो, कारण बसणाऱ्यांत मीही होतो.

जहांगीरच्या आतच समोवार नावाचं कॅफे होतं. १९६४ ते मार्च २०१५. आगगाडीच्या डब्यासारखी लांबट चिंचोळी जागा, एका अंगाला म्युझियमची बाग. कॉलेजची पोरं, चित्रकार, वकील, नाटकवाले, सगळे एकमेकांच्या कोपरांना कोपर लावून. कीमा पराठा, पुदिन्याचा चहा, पेरूचा रस. एका चहावर संपूर्ण दुपार काढता यायची आणि वेटर काही बोलायचा नाही. त्याला माहीत असायचं की तुमच्याकडे दुसऱ्या चहाचे पैसे नाहीत.

वरच्या मजल्यावर १९६३ पासून गॅलरी केमोल्ड. मोठमोठी नावं तिथे टांगली जायची आणि बरेचदा ती नावं स्वतः खाली चहा पीत असायची. २००७ मध्ये ती प्रेस्कॉट रोडला गेली.

समोरच्या कोपऱ्यावर ऱ्हिदम हाऊस, गाण्यांच्या रेकॉर्डचं दुकान. काचेच्या केबिनमध्ये उभं राहून रेकॉर्ड, पुढे कॅसेट, पुढे सीडी ऐकून बघायची. न घेता बाहेर पडलं तरी कुणी हटकायचं नाही. भीमसेन अण्णांची एक कॅसेट मी आधी तिथे फुकट ऐकली, मग पगार झाल्यावर घेतली. फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस बंद झालं.

आणि त्याच रस्त्यावर वेसाइड इन हे रेस्टॉरंट. चौकडीचे टेबलक्लॉथ, खिडकीशी बसलं की सगळा नाका दिसायचा. अरुण कोलटकर दर गुरुवारी दुपारी तिथे मित्रांबरोबर बसत. आम्ही लांबूनच बघायचो, मिशा आणि लांब केस. कवी आहेत हे ऐकून माहीत होतं, जवळ जायची टाप नव्हती. त्या खिडकीतून दिसणारी ट्रॅफिक बेटावरची दुनिया, म्हणजे भटकं कुत्रं, इडलीवाली, गर्दुल्ले, रॉकेलची रांग, हे सगळं त्यांच्या २००४ मध्ये आलेल्या इंग्रजी संग्रहात आहे आणि संग्रहाचं नावही काळा घोड्याचंच. त्याच वर्षी सप्टेंबरात ते गेले. वेसाइड त्याआधीच बंद झालं होतं, मग ही मंडळी फोर्टातल्या मिलिटरी कॅफेत बसू लागली.

आता हा भाग छान दिसतो. पूर्वी एवढा छान दिसायचा नाही, पण तेव्हा आमच्यासारख्यांना परवडायचा.

चकलीची_सोऱ्या

काका, जबरदस्त प्रतिसाद. यावर स्वतंत्र लेख येऊ द्या. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

टग्या_फोर्टकर

जुन्याकाका, आदर आहे, पण थोडं टोचतो, हलके घ्या. दर पिढीला आपला काळा घोडाच खरा वाटतो. समोवारमध्ये बसणारेही शेवटी इंग्रजी बोलणारे, दक्षिण मुंबईत कॉलेजला जाणारेच होते ना? माझे वडील तिथून तीन मिनिटांवर एका पेढीत कारकून होते, पस्तीस वर्षं. एकदाही आत गेले नाहीत. ‘ते आपल्यासाठी नाही’ म्हणायचे. ते चहा प्यायचे टपरीवर, उभ्याने.

गिरगावचा_जुना

टग्या, तुमच्या वडिलांचं म्हणणं खोटं नाही. आमच्या कॉलेजातलीही निम्मी पोरं दारातून परत फिरायची. पण जहांगीरच्या पायऱ्यांवर तेही बसले असतील, एवढं मी पैजेवर सांगतो. पगाराच्या दिवशी तरी!

टग्या_फोर्टकर

😄 विचारतो.

पागडीवाला_वकील

सगळे हळवे झालेत, म्हणून थोडी रुक्ष माहिती. ह्या भागातली छोटी दुकानं टिकण्यामागे रसिकतेपेक्षा भाडेकायद्याचा हात मोठा आहे.

१९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या भाडेकरूंची भाडी गोठली. दुकानाचं भाडं कित्येक दशकं जवळपास तेच. त्यामुळे कमी धंद्यातही माणूस दुकान चालवू शकायचा आणि गिऱ्हाईक तासभर बसलं तरी त्याच्या पोटात दुखायचं नाही. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू. त्यात बँका, सरकारी उपक्रम, परदेशी वकिलाती, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि १ कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या संरक्षणाबाहेर काढल्या. फोर्टातल्या मोठ्या कचेऱ्या हलायचं हे एक कारण. लहान भाडेकरूचं संरक्षण राहिलं. शिवाय पागडी, म्हणजे जागेचा ताबा घेताना भाड्याखेरीज द्यायची रक्कम, जी आधी चोरून दिली-घेतली जायची, ती ह्या कायद्याने रीतसर झाली.

म्हणजे गंमत बघा. एकाच इमारतीत तळमजल्यावर जुना भाडेकरू नाममात्र भाड्यात, आणि शेजारच्या गाळ्यात ठरावीक मुदतीच्या परवान्यावर आलेला नवा कॅफे बाजारभावाने. रिकामटेकडीताईंना जी चिठ्ठी टेबलावर दिसली ती ह्या दुसऱ्या प्रकारच्या गाळ्यात असणार, पैज लावतो. दीड तासाचा हिशेब मालक लावत नाही, भाडं लावतं.

दुसरी बाजूही आहे. गोठलेल्या भाड्यात मालक दुरुस्ती का करेल? एस्प्लनेड मॅन्शन बघा. पूर्वीचं वॉटसन हॉटेल, लोखंडी सांगाडा इंग्लंडहून बोटीने आलेला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा इथे दाखवला, तिकीट १ रुपया. नंतर आत छोट्या-छोट्या कचेऱ्या झाल्या, वकिलांच्या चेंबर्स झाल्या. पडझड इतकी झाली की २०१९ मध्ये इमारत रिकामी करावी लागली. स्वस्त भाड्याने माणसं जगवली आणि इमारत खाल्ली.

गिरगावचा_जुना

वकीलसाहेब, माहिती चोख. पण सगळं भाड्यावर ढकलू नका. ऱ्हिदम हाऊस भाड्याने नाही गेलं, लोकांनी सीडी घेणं बंद केलं म्हणून गेलं. त्या लोकांत मीही आहे, माझा नातू मोबाइलवर लावून देतो. आणि समोवारची जागा गॅलरीला परत हवी होती, कोर्टकचेरी झाली.

पागडीवाला_वकील

मान्य. समोवारचा वाद जागेचाच होता, पण पैशाचा नव्हता, हे कबूल.

कोल्हापुरी_ब्रश

मी चित्रकार आहे, जलरंगवाला. जहांगीरच्या आतही लावलंय आणि बाहेर फुटपाथवरही, म्हणून दोन्हीकडचं सांगू शकतो.

आतली तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. अर्ज करायचा आणि विसरून जायचं. तारीख येते तेव्हा माणसाची शैली बदललेली असते, राव! मग फ्रेमा, टेम्पो, आठवडाभर मुंबईत राहायची सोय. कोल्हापूर, सांगली, नाशिककडचे आम्ही बरेचजण कुणा नातेवाइकाच्या हॉलमध्ये पथारी टाकतो. चार चित्रं गेली तर खर्च निघतो.

बाहेर फुटपाथवर जाळीला चित्रं लटकवायची. भाव ऐकून गिऱ्हाईक पहिलं काय विचारतं? ‘फ्रेमसकट का?’ पावसाळ्यात प्लॅस्टिकचा कागद हाताशीच ठेवायचा, ढग दिसला की पाच मिनिटांत सगळं झाकलं पाहिजे. आमच्या शेजारी एकजण पोर्ट्रेट काढतो. स्टुलावर बसवतो, क्लिपबोर्डला कागद, कोळसा, पंधरा-वीस मिनिटं. लहान मुलांची काढताना आधी डोळे काढून घेतो, कारण मूल पुढे बसत नाही, बाकीचं अंदाजाने पुरं करता येतं पण नजर नाही. मग वरून फवारा मारतो, नाहीतर घरी पोचेपर्यंत अर्धा चेहरा पिशवीला.

आत लावलेलं चित्र लोक मागे हात बांधून बघतात. बाहेर हात लावून बघतात. दोन्हीकडे विकत घेणारे तेवढेच.

एक लक्षात ठेवा. प्रोग्रेसिव्ह ग्रुप, म्हणजे मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांचा तो गट, म्हटलं की हुसेन, रझा, सूझा आठवतात. १९४७ च्या त्या सहाजणांत आमच्या अमरावतीकडच्या तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडे पण होते, आणि बाकरे, आरा. त्यांचीही सुरुवात ह्याच रॅम्पार्ट रोच्या आसपास. आज गाड्यांचं नाव जहांगीरच्या पायऱ्यांवर विचारलं तर दहातल्या आठांना सांगता येणार नाही.

रिकामटेकडी

@कोल्हापुरी_ब्रश, ‘आधी डोळे काढून घेतो’ हे फार आवडलं. पुढच्या वेळी बघत उभी राहीन.

मातीकाम

मी इथल्याच एका दुकानात माझी भांडी ठेवते, नाव सांगत नाही. मालामागे दुकानदाराचा हिस्सा मोठा असतो, आणि विकलं गेल्यावरच पैसे. ऐकणाऱ्याला अन्याय वाटतो, पण त्याचं भाडं, वीज, माणूस बघितला की मला राग येत नाही. ‘डोळे पांढरे’ वाल्या किमतीबद्दल एवढंच की एका कपामागे दोनदा भट्टी लागते आणि दर भट्टीत काही कप तडकतात. त्या तडकलेल्यांची किंमत तुमच्या कपात असते.

पण रिकामटेकडीताई, नुसतं बघायला येणाऱ्यांचा आम्हाला वैताग नसतो. कप उचलून, उलटा करून, बूड बघणारं गिऱ्हाईक आलं की दिवस चांगला जातो. फोटो काढून तेच ऑनलाइन स्वस्तात शोधणाऱ्यांचा वैताग असतो.

मांडवीकाठची

आमच्या पणजीला फोंतेन्यश ह्या जुन्या वस्तीत हेच, फक्त उलट. तिथे गल्ल्यांत माणसं राहतात. सकाळी दार उघडावं तर उंबऱ्यावर कुणीतरी नवरी पोज देत उभी. शेवटी लोकांनी ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लावल्या. काळा घोड्यात राहणारे किती? रात्री ऑफिसं बंद झाली की भाग ओस, त्यामुळे तुम्हाला कुणी ओरडत नाही.

टग्या_फोर्टकर

@मांडवीकाठची, राहणारे आहेत, पण कोलटकरांच्या कवितेतले. फुटपाथवर. ते ओरडत नाहीत कारण त्यांचं कोण ऐकणार.

अनुस्वार

फोटो?

पोटोबा

एवढी चर्चा झाली आणि खाण्याचं कुणी बोलेना. घ्या:

चेतना, के. दुभाष मार्ग, १९४६ पासून. शाकाहारी थाळी, बाजूला अध्यात्माच्या पुस्तकांचं दुकान. खेतवाडीत विडीचं दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत जगभर गेली, ते पुस्तक १९७३ मध्ये चेतनानेच काढलं. परदेशी लोक ते शोधत येतात आणि थाळी खाऊन जातात, किंवा उलट.

तृष्णाला खेकडा, खिसा बघून. रात्री उशिरा ऱ्हिदम हाऊसच्या मागे अयूबचे रोल. स्वस्त आणि पोटभर हवं तर फोर्टात पिठा स्ट्रीटवर डिलक्स, केरळी जेवण, केळीच्या पानावर. मिलिटरीत खिमा पाव.

पुस्तकवाल्यांनी फ्लोरा फाउंटनजवळच्या किताबखान्यापासून सुरुवात करावी. २०१० मध्ये सुरू झालं, डिसेंबर २०२० मध्ये आग लागली, मार्च २०२१ मध्ये पुन्हा उघडलं. मराठी पुस्तकंही आहेत. उभ्याने चाळत राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही. म्हणजे धाग्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

सुलभा_ठाणे

छान धागा. वडिलांना (वय ७६, गुडघेदुखी) आणि मुलीला (वय १५, सगळ्याचा कंटाळा) घेऊन यायचं आहे. बाबा एल्फिन्स्टनचे विद्यार्थी. कधी यावं? फेब्रुवारीतल्या फेस्टिव्हलला?

रिकामटेकडी

सुलभाताई, फेस्टिव्हल अजिबात नको. १९९९ पासून चालू आहे, सुरुवातीला मजा होती म्हणतात. आता शनिवार-रविवारी पाऊल ठेवायला जागा नसते, बाबांचे हाल होतील. एरवीचा कुठलाही रविवार चांगला. कचेऱ्या बंद, रस्ते मोकळे. जहांगीर उघडी असते, खासगी गॅलऱ्या बहुतेक बंद असतात, पण बाबांना त्याचं काही वाटणार नाही. सोमवार टाळा, समोरची राष्ट्रीय आधुनिक कला गॅलरी बंद असते.

टॅक्सी जहांगीरच्या दाराशी सोडेल. तिथून म्युझियमची बाग अगदी जवळ, तिकीट काढावं लागेल पण बाकं आहेत आणि झाडं आहेत. मुलीला पोर्ट्रेटवाल्यासमोर बसवा, वीस मिनिटं तिच्या हातात फोन नसेल.

गिरगावचा_जुना

सुलभाताई, बाबा कुठल्या वर्षीचे? ससून लायब्ररीचा मी सभासद आहे. १८७० ची इमारत, वरच्या सज्जात लांब हातांच्या आरामखुर्च्या आहेत, तिथून एल्फिन्स्टनची बाजूही दिसते आणि सगळा नाकाही. जिना आहे, गुडघ्यांचं बघून ठरवू. नाहीच जमलं तर मागच्या बागेत बसू, ती तळमजल्यावर आहे. पाहुणा म्हणून आत नेता येईल का ते काउंटरवर विचारून ठेवतो.

सुलभा_ठाणे

१९६९ ची बीए बॅच, काका. बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, वेसाइडचं बिल कायम मित्रांनी भरलं, त्यामुळे भाव आठवत नाहीत.

गिरगावचा_जुना

मग ते आमचे सीनियर. येत्या रविवारी अकराला जहांगीरच्या पायऱ्यांवर. आणखी कुणी?

कोल्हापुरी_ब्रश

रविवारी मी बाहेरच लावलेला असेन. लाल छत्री, डावीकडून तिसरी जाळी.

टग्या_फोर्टकर

+१. वडिलांनाही आणतो. जेवण चेतनात असेल तरच येतो म्हणाले, आणि बिल गिरगावकर भरणार का असं विचारतायत.

अनुस्वार

+१. फोटो मीच काढतो.